वेल्ह्याचा हिरवा रंग

पुण्याहून सातारा रस्त्याने निघावे. कात्रजचा घाट मागे पडला, खेड-शिवापूर गेले, की चेलाडीचा फाटा येतो. तेथे उजवीकडे वळून नसरापूरवरून जो रस्ता मार्गासनीकडे जातो तो वेल्ह्याचा. आणि न वळता तसेच पुढे गेल्यावर कापूरहोळला जो उजव्या हाताला फुटतो तो भोरचा. दोन्ही गावे पुण्यापासून पन्नास-साठ किलोमीटरांच्या अंतरावर. सकाळी चहा घेऊन निघालेला माणूस रात्रीच्या जेवणाला घरी परत येऊ शकतो. पण इतक्या जवळ असूनही हा मुलूख पुण्याचा वाटत नाही. रस्ता वळला की जमीन उभी राहू लागते, उसाची जागा भाताची खाचरे घेतात आणि क्षितिजावर कोठला ना कोठला किल्ला आपल्याकडे पाहत असतो. गुंजण मावळ, कानद खोरे, हिरडस मावळ, वेळवंड खोरे ही शाळेत पाठ केलेली नावे येथे चक्क पायांखाली येतात. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय शासनाने २०२४ साली घेतला. तरी शेजारी बसलेला गावकरी अजून ‘वेल्ह्याला चाललोय’ असेच सांगतो. जुन्या नावांचा जीव चिवट असतो.

पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सुटीत या बाजूला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाबरोबर आता चार-पाच कॅमेरे असतात, कारण प्रत्येकाच्या खिशात एक असतोच. त्यामुळे राजगडाची, तोरण्याची आणि मढेघाटाच्या धबधब्याची छायाचित्रे घराघरांत झाली आहेत. पण ती शेजारी शेजारी ठेवून पाहा. आषाढातला डोंगर, श्रावणातला डोंगर, भाद्रपदातला डोंगर – सगळे एकाच हिरव्या रंगाचे! बर्फीवरच्या पिस्त्याला जो असतो, तो. हा दोष काढणाऱ्याचा नव्हे. त्याने फक्त बटण दाबलेले असते. रंग कोणता द्यायचा हे यंत्राने त्याच्यासाठी परस्पर ठरवलेले असते.

हे ठरवणे आपल्या हाती कसे घ्यावे, ते शिकण्यात माझी गेली दोन वर्षे गेली. गुरू वयाने लहान मिळाला. माझा भाचाच तो. एकदा म्हणाला, “मामा, कॅमेरा ‘रॉ’वर ठेवा आणि संगणकावर डार्कटेबल घ्या.”

“केवढ्याला पडेल?”

“पैसे नाहीत. मुक्त आहे ते.”

“मुक्त म्हणजे फुकट?”

“फुकट आहेच, पण मुक्त म्हणजे निराळं. आतलं सगळं उघडं आहे. वाचा, बदला, दुसऱ्याला द्या, कोणी अडवणार नाही.”

इंग्रजीत या दोन्ही गोष्टींना एकच शब्द असल्यामुळे तिकडच्या मंडळींना याचा फार खुलासा करीत बसावे लागते. मराठीत ती अडचण नाही. फुकट मिळते ते जेवण, मुक्त असते ते पाणवठ्याचे पाणी.

आता ‘रॉ’ म्हणजे कच्चे छायाचित्र, ते काय ते सांगतो. कॅमेऱ्यात पूर्वी जेथे फिल्म असे तेथे आता एक संवेदक चकती असते. तिला रंग दिसत नाहीत. उजेड किती पडला एवढेच तिला कळते. म्हणून तिच्यावर तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची अतिशय बारीक जाळी बसवलेली असते. दर चार घरांत दोन हिरवी, एक तांबडे, एक निळे. ही युक्ती कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची. तिचे पेटंट १९७६ सालचे. माणसाच्या डोळ्याला हिरव्या उजेडातले बारकावे अधिक कळतात, म्हणून हिरवी घरे दुप्पट. मावळाची चित्रे काढायला निघालेल्याला हे ऐकून बरे वाटते. प्रत्येक घरात पडलेल्या उजेडाची जशीच्या तशी नोंद म्हणजे कच्चे छायाचित्र. चांगल्या कॅमेऱ्यात ही नोंद चौदा बिटांची असते, म्हणजे काळोख आणि लख्ख उजेड यांच्यामध्ये १६,३८४ पायऱ्या मावतात. कॅमेरा या शिध्यावर आपल्या मनाने स्वयंपाक करून जे ताट पुढे ठेवतो त्याला ‘जेपेग’ म्हणतात. त्यात प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. उरलेला शिधा मोरीत!

तो मोरीत जाऊ न देता स्वतः रांधावा, त्यासाठी ही मुक्त साधने. त्यांतली दोन नाणावलेली आहेत. रॉथेरपी हे बुडापेस्टच्या गाबोर होर्वात यांनी सुरू केले आणि २०१० साली सर्वांना मुक्त करून दिले. डार्कटेबल २००९ पासूनचे. ते योहानेस हानिका यांनी सुरू केले आणि आज अनेक देशांतले हौशी लोक मिळून ते चालवतात. त्याचे नावच मुळी छायाचित्रकाराच्या दोन जुन्या सोबत्यांवरून घडवलेले आहे: डार्करूम आणि लाइटटेबल. उघडल्यावर खरोखरच हीच दोन दालने समोर येतात. एकात चित्रे मांडून निवडायची, दुसऱ्यात एकेक घेऊन ‘धुवायची’. हायपोचा वास तेवढा येत नाही.

पहिला धडा मी भोरला गिरवला. भोर ही पंत सचिवांच्या संस्थानाची राजधानी. संस्थान १९४८ साली मुंबई इलाख्यात विलीन झाले. नीरेकाठी असलेला त्यांचा राजवाडा चित्रपटवाल्यांच्या कृपेने न पाहिलेल्यांनीही पाहिलेला असतो. पण पडद्यावर जे दिसते ते दिव्यांच्या झोतात. एरवी चौकात ऊन रखरखत असते आणि सोप्यात लाकडी खांबांमागे गडद सावली. डोळ्याला दोन्ही दिसते. कॅमेऱ्याच्या ताटात मात्र एक तर चौक पांढराफटक किंवा सोपा काळाठिक्कर. कच्च्या छायाचित्रात नियम सोपा आहे: ऊन जळू द्यायचे नाही. सावली काळी दिसली तर दिसू दे. घरी येऊन डार्कटेबलमध्ये उजेडाची खुंटी हळूहळू पिळली की त्या काळोखातून खांबावरची नक्षी, तुळयांचे जोड, भिंतीवरची ओल अशी एकेक गोष्ट वर येऊ लागते. काहीही नवे रंगवलेले नसते. सगळे नोंदीत होतेच. फार पिळले तर दाणेदार खरखर उमटते, तिच्यासाठी निराळे मॉड्यूल आहे. उजेडाचे जुने फिल्मसारखे उतरते वळण देणाऱ्या मॉड्यूलाचे नाव ‘फिल्मिक’. अशी मॉड्यूले पन्नासाहून अधिक. सुरुवातीला वाण्याच्या दुकानातल्या खणांसारखी ती अंगावर येतात. पण रोजच्या स्वयंपाकाला पाच-सहाच लागतात.

सावलीतून वर येण्याची ही गोष्ट भोरकरांना नवी नाही. गावापासून जवळच वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण आहे. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ते पुरे झाले आणि वरची बरीच खोरी पाण्याखाली गेली. त्या पाण्यात कांबरेश्वराचे जुने मंदिर आहे. वर्षाचे बरेच महिने ते बुडालेले असते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की दगडी भिंती हळूहळू उघड्या होतात आणि आसपासची माणसे दर्शनाला येतात. देव गेलेला नसतोच. पाणी उतरण्याची वाट पाहावी लागते. कच्च्या छायाचित्रातल्या सावलीला मी तेव्हापासून ‘भाटघर’ म्हणतो.

दुसरा धडा राजगडावरचा. गुंजवण्याच्या बाजूने चोर दरवाजाने चढून पद्मावती माचीवर यावे आणि दुपार कलल्यावर संजीवनी माचीच्या टोकाकडे चालत जावे. दोन्ही अंगांना दुहेरी तटबंदी, खाली खोल दरी आणि समोर पश्चिमेला तोरणा. मध्ये डोंगराची सोंड धुक्यात वळत वळत गेलेली. येथे आधी तट सरळ करावा लागला, कारण रुंद भिंगातून तो पोट सुटल्यासारखा दिसतो. ते काम ‘लेन्सफन’ नावाचा मुक्त कोश करतो. जगभरच्या हौशी लोकांनी सरळ रेषांच्या इमारतींची चित्रे काढून आपापल्या भिंगांची मापे त्यात भरली आहेत. त्या अनोळखी माणसांच्या मेहनतीने राजगडाचा तट माझ्या पडद्यावर सरळ उभा राहिला, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते.

मग धुके. डार्कटेबलात आणि रॉथेरपीतही धुके काढण्याची सोय आहे. पट्टी उजवीकडे सरकवली आणि तोरणा एकदम पुढे आला. बुधला माची, झुंजार माची, सगळे स्वच्छ! भाचा खूष झाला. मी पाहतच राहिलो, कारण तोरणा इतका जवळ आला होता की दगड भिरकावला तर पोचावा. प्रत्यक्षात राजगडावरून तोरण्याला जायला दिवसभराची चाल आहे. डोंगरामागचा डोंगर लांब आहे हे डोळ्याला कळते ते मधल्या फिकट हवेमुळे. ती पुसली की मावळच सपाट झाले. ज्या अंतरावर या मुलखाचे सारे राजकारण उभे होते, एका गडावरून दुसरा दिसावा पण शत्रूला तेथवर पोचता पोचता संध्याकाळ व्हावी, ते अंतर एका पट्टीने खाऊन टाकले. पट्टी परत आणून शून्याच्या जवळ ठेवली. मुक्त साधन तुम्हांला सर्व काही करू देते. काय करू नये हे ते शिकवत नाही. ते राजगडालाच विचारावे लागते.

तिसरा धडा हिरव्या रंगाचा, आणि तो एका आजींनी दिला. तोरण्याच्या पायथ्याशी पावसामुळे आम्ही एका चहाच्या हॉटेलात अडकलो होतो. भाच्याने लॅपटॉप उघडून मालकाच्या आईला समोरच्याच उताराची, महिन्यापूर्वीची दोन चित्रे दाखवली. एक फोनने आपल्या बुद्धीने केलेले, दुसरे कच्च्यावरून आम्ही केलेले. फोनच्या चित्रावर त्यांची नजर थोडी फिरली.

“ब्येस हाय की. पर भाऊ, लावणी झालीया का नुसता तरवाच हाय, ह्यातनं काय कळंना.”

दुसरे चित्र पुढे केले. त्यांनी चष्मा पुसला, पदराने पडदाही पुसला.

“हां. ही खालची खाचरं लावल्याती. वरचा तरवा तसाच राहिलाय. आषाढातलं हाय न्हवं का?”

आषाढातलेच होते.

त्यांना जे दिसले ते शहरच्या माणसाला सहसा दिसत नाही. तरव्याचा हिरवा पिवळसर, दाट. नुकत्याच लावलेल्या खाचराचा विरळ, मधून आभाळाचे पाणी दिसणारा. बांधावरच्या गवताचा आणखी तिसरा. फोनने सगळ्यांना एकच झगमगीत हिरवा फासला आणि शेतीचे अर्धे वर्तमानपत्र पुसून टाकले. याचा इलाज अगदी साधा आहे. ढगाळ उजेड निळसर असतो, आणि सगळे चित्रच हिरवे असले की पांढरे कशाला म्हणावे हे यंत्राला उमगत नाही. म्हणून एक करड्या रंगाचे कार्ड बरोबर ठेवावे, त्याच उजेडात त्याचे एक छायाचित्र घ्यावे आणि डार्कटेबलात त्या करड्यावर बोट ठेवून ‘हे करडे’ एवढे सांगावे. रंगांचा तोल आपोआप जागेवर येतो. त्यानंतर हात आवरावा. रंग भडक करण्याची पट्टी शेजारीच असते; तिला शिवू नये.

या साऱ्या खटाटोपात मूळ नोंदीला कोठेही धक्का लागत नाही, हे मला विशेष मोलाचे वाटते. केलेले सगळे बदल एका छोट्या टाचणात शेजारी लिहून ठेवले जातात. टाचण फाडले की मूळ कागद कोरा करकरीत. आणि कागद म्हटल्यावर मोडीची आठवण होते. संस्थानांची जुनी दप्तरे मोडीत आहेत. अक्षरे डोळ्यांसमोर असतात, पण लिपी येणारा माणूस नसेल तर ती रद्दीच. कॅमेरे करणाऱ्या बहुतेक कंपन्यांनी आपापल्या कच्च्या छायाचित्रांसाठी अशाच स्वतंत्र लिप्या केल्या आणि त्यांची बाराखडी जवळच ठेवली. १९९७ साली डेव्ह कॉफिन नावाच्या एका गृहस्थांनी त्या एकेक उलगडून ‘डीसीरॉ’ नावाची आज्ञावली सर्वांसाठी उघडी केली. पुढच्या कितीतरी साधनांनी तिच्यावरच धुळाक्षरे गिरवली. भाड्याने मिळणारे सॉफ्टवेअर भाडे थकले की दार लावते. आत आपलीच चित्रे असली तरीही. उघडी बाराखडी मात्र मुलांच्या, नातवंडांच्याही कामी येईल.

आणि ती यावी, अशी वेळ आली आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत राजगड आहे. आता गर्दी वाढेल, वाटा बदलतील, डागडुजी होईल. आज तट कसा होता, पद्मावती तळ्याच्या काठाचा दगड कोठे ढळला होता, खालची खाचरे कोठवर पोचली होती, हे उद्या कोणाला पाहावेसे वाटेल तेव्हा आपल्या घरातली चित्रेच साक्षीला उभी राहतील. साक्षीदाराने रंगवून सांगू नये, एवढीच अपेक्षा.

दिवाळीच्या सुमारास वेल्ह्यात भात पिकतो. हिरवा रंग उतरतो. खाचरे आधी पोपटी, मग पिवळी, मग सोनेरी होतात, आणि गवताची सळसळ वाढते. हे रंग सहजी हाती लागत नाहीत. मुलांना घेऊन अवश्य जावे, कॅमेरा रॉवर ठेवावा, करडे कार्ड खिशात असू द्यावे. घरी फराळाचे ताट शेजारी घेऊन चार चित्रे सावकाश धुवावीत. आणि पुढच्या खेपेला ती तेथल्याच एखाद्या आजींना दाखवावीत. कापणीला किती दिवस राहिलेत, हे त्यांनी चित्रावरून अचूक सांगितले, तर रंग बरोबर आला असे समजावे.