म्हसळ्याच्या खाचरांतील शेवाळ

राजपुरीच्या खाडीच्या माथ्याशीं म्हसळा हें गांव वसलें आहे. १९४८ सालापर्यंत तें जंजिरा संस्थानांत मोडत असे. आज तें रायगड जिल्ह्यांतील एका तालुक्याचें ठाणें आहे. श्रीवर्धन-हरिहरेश्वराकडे जाणारा प्रवासी येथें क्वचितच थांबतो. परंतु श्रावण-भाद्रपदांत जो थांबेल, त्यानें भाताच्या एखाद्या खाचरांत वांकून पाहावें. रोपांच्या बुडाशीं, पाण्यांत व चिखलावर, निळसर हिरवा बुळबुळीत थर आढळतो. आपण त्यास शेवाळ म्हणतों. शास्त्रज्ञ त्यांतील पुष्कळ जीवांस सायनोबॅक्टेरिया, अर्थात् नीलहरित जीवाणु, असें म्हणतात.

येथें एक शंका सहज येते. आकाश मेघाच्छन्न, त्यांत भाताचीं पानें दाट. मग तळाच्या या जीवांस प्रकाश मिळतो तरी कसा? पानांतील हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश विशेषेंकरून शोषून घेतें. हिरवा त्या मानानें अधिक सुटतो. खालीं पोंचतो तो हा वरच्यांनीं टाकलेला प्रकाश. नीलहरित जीवाणु तोच वेंचून घेतात. त्यांच्या पेशींतील पापुद्र्यांवर फायकोबिलिसोम नांवाचे अतिसूक्ष्म पंखे असतात. कित्येक जातींत पंख्याच्या टोकांस तांबडें फायकोएरिथ्रिन असतें; तें हिरवा प्रकाश टिपतें. आंतील निळें फायकोसायनिन नारिंगी प्रकाश टिपतें. विहिरीपासून आगीपर्यंत ओळीनें उभे राहिलेले लोक जशा घागरी हातोहात देतात, तशी ही शक्ति मुळाशीं असलेल्या हरितद्रव्यास पोंचते. वाटेंत फारच थोडी सांडते.

कांहीं जाती तर उजेड पाहून रंग बदलतात. हिरव्या उजेडांत त्या तांबूस होतात, तांबड्या उजेडांत निळसर हिरव्या. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ गायदुकोव्ह यांनीं १९०२ सालीं ही गोष्ट प्रसिद्ध केली. पुढें २०१० सालीं ऑस्ट्रेलियांतील शार्क बे येथील नमुन्यांत हरितद्रव्याचा एक नवा प्रकार सांपडला. तो मानवी नेत्रास जवळजवळ अगोचर असा अतितांबडा प्रकाशही शोषतो.

ही काटकसर केवळ कौतुकाची नव्हे. यांतील कित्येक जाती हवेंतील नत्र घेऊन त्याचें खत बनवितात, आणि त्या कामास शक्ति फार लागते. ती शक्ति या वेंचलेल्या प्रकाशांतूनच येते. भातखाचरांतील नत्र या जीवांमुळें वाढतो, हें पी. के. डे यांनीं १९३९ सालीं प्रयोगांनीं दाखविलें. भात हेंच म्हसळ्याकडील मुख्य पीक असल्यानें शेतकऱ्यास हा फुकटचा गडी लाभलेला आहे. मात्र नत्रयुक्त रासायनिक खताचा मारा झाला कीं हा गडी नत्र घेण्याचें काम आवरतें घेतो. खत मुळींच घालूं नये असें नव्हे. तें बेतानें घालावें, एवढेंच. आणि या वाटेनें जाणाऱ्या वाचकांनीं आपल्या मुलांस तो निळसर थर अवश्य दाखवावा, म्हणजे शेवाळ ही निव्वळ घाण होय, ही समजूत तरी त्यांच्या मनांत रुजणार नाहीं.