चोर्ल्याचा उतार आणि आमची कोंटेसा

पेडण्याच्या आमच्या घरी यंदा फेब्रुवारीत एक नवी मंडळी दाखल झाली. जन्म 1994 चा, माहेर पश्चिम बंगालमधले उत्तरपारा, सासर बेळगाव. रंग पांढरा, म्हणजे एके काळी होता. नाव कोंटेसा क्लासिक. मी बेंगळुरूत सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. बीई कॉम्प्युटर असल्यामुळे सायकल सोडली तर पाना हातात धरायची वेळ कधी आली नव्हती. तरी जुनी गाडी घेतली, आणि तिचे काय काय करायचे याची यादी ती घेण्याआधीच एक्सेलमध्ये तयार केली. बेळगाव ते पेडणे या एका प्रवासात ती यादी कशी उलटीपालटी झाली, ते सांगतो.

ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडेसे. अमेरिकेत 1964 साली पॉन्टिअॅक जीटीओ आली आणि साध्या गाडीत भलेमोठे इंजिन बसवायची टूम निघाली. त्या गाड्यांना मसल कार म्हणतात. आपल्याकडे तशी गाडी झालीच नाही. पण लांबलचक बॉनेट, रुंद तोंड आणि मागच्या चाकांना ताकद, हा थाट कोंटेसात होता. सांगाडा मुळात इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या व्हीएक्स गाडीचा. 1984 साली हिंदुस्तान मोटर्सने ती बाजारात आणली तेव्हा आत इंजिन मात्र अॅम्बेसेडरचे, 1489 सीसीचे. शरीर पैलवानाचे आणि दम कारकुनाचा! पुढे 1817 सीसीचे इसुझू इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा कुठे ती पळू लागली. 2002 मध्ये उत्पादन बंद पडले.

आमच्या घरी तिचे वेड आले ते बाबांमुळे. त्यांनी डिचोली तालुक्यातल्या खाणींवर पंचवीस वर्षे ट्रक चालवला. खनिज भरायचे, मांडवीच्या जेटीवर नेऊन ओतायचे, तिथून ते बार्जमधून मुरगाव बंदराला जायचे आणि बाबा रिकामा ट्रक घेऊन परत. त्या लाल धुळीत साहेबाची कोंटेसा यायची. काचा वर केलेल्या, आत थंडगार. बाबा ट्रक कडेला घेऊन वाट द्यायचे. "एकदा त्या गाडीत बसून बघायला हवं होतं," असे ते एकदाच म्हणाले होते, तेही जेवता जेवता. मी तेव्हा शाळेत होतो. पण लक्षात राहिले.

तर बेळगावला गाडी ताब्यात घेतली आणि सकाळी बाबांना शेजारी बसवून निघालो. आधीच्या मालकाने सांगितले होते, "ब्रेकचं सगळं काम झालंय, निर्धास्त जा." जांबोटीपर्यंत रस्ता छान, दोन्ही बाजूंना झाडी. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. तिचे पाणी पूर्वेला कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते, आणि तिथून जवळच पडणारा पाऊस म्हादईतून आमच्याकडे पश्चिमेला येतो. बाबा हे सांगत होते आणि मी मनातल्या मनात नवीन इंजिन, रुंद टायर, अलॉय व्हील आणि घुमणारा सायलेन्सर यांचा हिशेब करत होतो. यादीतल्या पहिल्या चार ओळी याच होत्या.

चोर्ला ओलांडून गोव्याच्या बाजूचा उतार लागला. खाली केरीजवळच्या अंजुणे धरणाचे पाणी चमकत होते. चार-पाच वळणे झाली आणि ब्रेकचा पॅडल मऊ लागायला लागला. पुढच्या वळणावर तो जवळजवळ तळाला टेकला. माझे हात गार पडले. बाबांचा आवाज मात्र एका सुरात. "ब्रेक सोड. तिसऱ्यात घाल. आता दुसऱ्यात. घाबरू नको, इंजिन धरतं गाडीला." इंजिन किंचाळले, पण गाडी हळू झाली. मग हँडब्रेक थोडा थोडा ओढत एका रुंद जागी कडेला लावली. बाबांनी उतरून चाकामागे दगड ठेवला. दहा टन माल भरून उतारावर आयुष्य काढलेला माणूस शेजारी नसता, तर हा लेख लिहायला मी असतो की नाही कोण जाणे.

पाऊण तास थांबलो. पॅडल परत कडक झाला, तेव्हा दुसऱ्या गिअरवर सावकाश उतरून साखळी गाठली. तिथे पाव-पातळभाजी आणि चहा घेतला, पण दोघेही फारसे बोललो नाही. नंतर बाबा म्हणाले, "डिचोलीला माझ्या ओळखीचा मेस्त्री आहे. आज पेडण्याला जायचं नाही."

डिचोलीचे गॅरेज म्हणजे सिमेंटच्या पत्र्याची लांब शेड, एका कोपऱ्यात लेथ, दुसऱ्यात वेल्डिंग. खाणी जोरात होत्या तेव्हा अशा शेडमध्ये रात्रभर ट्रकची कामे चालत. 2012 साली खाणी बंद झाल्या, मधे सुरू झाल्या, 2018 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. ट्रक अंगणात उभे राहून गंजले, कर्जाचे हप्ते राहिले, पोरे मिळेल त्या नोकरीला गेली. आता काही ठिकाणी काम परत सुरू झाले आहे, पण मधल्या वर्षांत हातात कसब असलेल्या कितीतरी माणसांना कामच नव्हते. मेस्त्रीकाका त्यांतलेच. बाबांना बघून त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

त्यांनी बॉनेट आधी उघडलेच नाही. गाडी जॅकवर घेतली, चाके काढली आणि मला बोलावले. बाहेरून पॅड नवे होते, पण ब्रेक ऑइल काळे, कित्येक वर्षे न बदललेले. हे ऑइल हवेतला दमटपणा ओढून घेते. साधे डॉट 3 ऑइल नवे असताना निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शिरले की तीच मर्यादा 140 अंशांपर्यंत घसरू शकते. लांब उतारावर ब्रेक तापले, ऑइल उकळले, पाइपात वाफ झाली. वाफ दाबली जाते, म्हणून पॅडल खाली जातो. गार झाले की परत ठीक. मला एकदम उमगले. आमच्या क्षेत्रातही सर्वात वाईट बग तोच, जो तपासायला गेल्यावर गायब होतो.

मग त्यांनी स्क्रूड्रायव्हरने दाराखालचा पत्रा टोचला. स्क्रूड्रायव्हर आत गेला! "ट्रकला खाली वेगळी चासिस असते. हिला नाही. हा पत्राच हिची चासिस," काका म्हणाले. "वर पॉलिश मारून काय करणार? आणि मोठं इंजिन घातलंस तर ते धरणार कोण?"

त्या संध्याकाळी शेडमध्ये बाकावर बसून नवी यादी केली. पहिला ब्रेक: मास्टर सिलिंडर, चारही चाकांची रबरे, पाइप आणि ऑइल, सगळे नवे. दुसरा पत्रा: कुजलेला भाग कापून नवा वेल्ड करायचा, आतून गंजरोधक फवारायचे, आणि हे सगळे जूनच्या आधी, कारण आमच्याकडचा पाऊस आणि खारा वारा उघडा लोखंडी पत्रा सोडत नाही. तिसरी पेट्रोलची लाइन: हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, जुन्या रबराला ते मानवत नाही आणि पाणीही ओढते. म्हणून नळ्या आणि कार्बोरेटरची किट बदलायची, टाकी आतून साफ करायची. चौथे रेडिएटर. पाचवे वायरिंग, हेडलाइटना रिले लावून. बुश बाजारात मिळाले नाहीत तर लेथवर करून द्यायचे काकांनी कबूल केले.

सुधारणा म्हणून तीनच गोष्टी उरल्या. कॉन्टॅक्ट पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, चांगले टायर मूळ मापाचेच, आणि मागच्या सीटला पट्टे. पट्टे आईच्या हुकमाने. ती म्हणाली, "पट्टा नाही तर मी बसणार नाही, मग गाडी कुणाची का असेना." पट्ट्याचा बोल्ट धरायलाही पत्रा मजबूत लागतो, म्हणजे पुन्हा दुसरा नंबर आधी. घुमणारा सायलेन्सर यादीतून गेला. इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी लागते आणि कायद्याने मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही. पण खरे सांगायचे तर कायद्याआधी चोर्ल्यानेच ते खोडले होते.

कागदपत्रांचे कामही यादीत आहे. बेळगावच्या आरटीओची ना हरकत, मग गोव्याचा कर, फिटनेस, आणि केए 22 जाऊन पेडण्याचा जीए 11. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. व्हिंटेज म्हणून मान मिळायला पन्नास वर्षे पुरी व्हावी लागतात, म्हणजे आमच्या गाडीला 2044 साल. तेवढी वाट बघायची नाही असे ठरवले आहे.

ब्रेकचे काम तीन आठवड्यांत झाले आणि गाडी घरी आणली. अस्नोड्यावरून कोलवाळचा पूल, धारगळ, मग मोपा विमानतळाचे फाटे. 2023 च्या जानेवारीपासून तिथून विमाने उडतात आणि टॅक्सीवाले सुसाट असतात. सगळ्यांनी आम्हाला ओव्हरटेक केले. बाबा दर उताराआधी माझ्या पायाकडे बघायचे, बोलायचे काही नाहीत.

आता मे सरत आला आहे. गाडी पुन्हा डिचोलीच्या शेडमध्ये आहे, दाराखालचा पत्रा कापलेला. पावसाआधी वेल्डिंग पुरे होईल असे काका म्हणतात. पाऊसभर ती झाकून ठेवायची, दसऱ्याला पूजा करायची आणि कोजागिरीला पेडण्याच्या पुनवेला घरचे चौघे मिळून देवळापर्यंत जायचे. पुढे बाबा बसतील, मागे आई आणि ताई पट्टे लावून. एक्सेलमधली जुनी यादी मी अजून पुसलेली नाही. बाबांना दाखवली तेव्हा ते म्हणाले, "राहू दे. फक्त ब्रेकची ओळ वर घे."