कूपनचे पैसे

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात वसतिगृहांना नद्यांची नावं आहेत. गंगा, झेलम, सतलज, पेरियार, कावेरी, ब्रह्मपुत्र. आणि आपल्याकडच्या म्हणाव्यात अशाही कितीतरी: गोदावरी, नर्मदा, ताप्ती, चंद्रभागा, कोयना. गोव्याची मांडवी गुजरातच्या महीच्या शेजारी बसवून तिथं ‘माही-मांडवी’ झाली आहे. 2004 साली नांदेडहून एम.ए.ला निघालेल्या मुलीनं यातल्या कोणत्या नावावर बोट ठेवलं असेल, हे सांगायला नको. आजी तर नावं ऐकूनच निर्धास्त झाली. “तिथंबी गोदामाय हाय म्हणल्यावर काय भ्याचं?” म्हणाली. अरवलीच्या कोरड्या खडकांवर, नीलगायी आणि मोरांच्या जंगलात हे विद्यापीठ वसलंय आणि तिथं वाहतं पाणी शोधून सापडायचं नाही, हे तिला कुणी सांगितलं नाही.

वसतिगृह निवडायचं म्हणजे काय निवडायचं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. वडील एसटीत वाहक. त्यांनी दोनच अटी घातल्या: फक्त मुलींचं असावं आणि खर्च पगारात बसावा. दुसरी अट विद्यापीठानं आधीच पुरी केली होती. दोघींच्या खोलीचं भाडं माणशी महिना 10 रुपये, एकटीच्या खोलीचं 20. वडिलांना वाटलं, छापताना एखादं शून्य गळालं असणार. मेसचा खर्च वेगळा होता आणि तोच खरा खर्च होता. पण खोलीपुरतं पाहिलं, तर दिल्लीत महिनाभर राहायला नांदेड-परभणीच्या तिकिटापेक्षाही कमी लागणार होतं.

वडील आणि मी सचखंड एक्स्प्रेसनं निघालो. ही गाडी नांदेडच्या हुजूर साहिबहून अमृतसरला जाते आणि वाटेत स्टेशनांवर प्रवाशांना लंगर मिळतो. औरंगाबादला शीख सेवेकरी बादल्या घेऊन फलाटावर आले, तेव्हा सगळा डबा ताटल्या-डबे पुढं करून खिडक्यांशी गेला. वडील बसून राहिले. आयुष्यभर लोकांकडून तिकिटाचे पैसे मोजून घेतलेला माणूस. फुकटच्या वरणाला हात पुढं होईना. समोरच्या सरदारजींनी शेवटी आमच्याच डब्याचं झाकण उचललं आणि भरून आणलं. वडिलांनी खाल्लं, पण दिल्लीपर्यंत त्यांना ते पचलं नसावं. “त्यांचं आता कसं फेडायचं?” असं त्यांनी मनमाडनंतर एकदा आणि भोपाळनंतर एकदा विचारलं.

दिल्लीत प्रवेशाच्या जागी मांडवाखाली विद्यार्थी संघटनांची टेबलं लागली होती. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या या संघटना प्रवेशाच्या दिवसांत मात्र नव्या मुलांचे अर्ज भरून द्यायची चढाओढ करत. वडिलांनी प्रत्येक टेबलावर आधी “हे कोणत्या पार्टीचे?” एवढंच पाहिलं. मग उन्हाचा कंटाळा येऊन जे टेबल सावलीत होतं तिथं बसले. तिथल्या बिहारी मुलानं माझा अर्ज भरला, कागदांच्या झेरॉक्स आणून दिल्या, आणि वसतिगृहाची यादी टप्प्याटप्प्यानं लागते, तोवर कुणाकडं तरी पाहुणी म्हणून राहावं लागेल, हे सांगितलं. नांदेडचं नाव ऐकून तो म्हणाला, “साबरमती में एक महाराष्ट्र की दीदी हैं, पीएचडी वाली. चलिए.”

ताई वर्धा जिल्ह्यातली. विदर्भातल्या कापूस बाजाराच्या इतिहासावर तिचं संशोधन चाललं होतं. तिनं आम्हाला दारातच पाहिलं, माझ्या ट्रंकेकडं पाहिलं आणि म्हणाली, “गादी नाहीये जास्तीची. चटई चालेल?” स्वागत म्हणून काही असेल, तर एवढंच.

साबरमतीत मुलींचा आणि मुलांचा भाग वेगळा, पण मेस एकच. वडिलांची पहिली अट त्या मेसच्या दारातच अडखळली. मुलं-मुली एकाच टेबलावर राजमा-चावल खात होती, पाण्याच्या जगांखाली कुठल्या कुठल्या संघटनांची पत्रकं दाबून ठेवली होती आणि त्या पत्रकांवरून वादही चालले होते. वडिलांनी जेवता जेवता एक पत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. बाहेर आल्यावर त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं, मुलींचं गेट रात्री किती वाजता बंद होतं? त्याला प्रश्नच कळेना. ताई मधे पडली. “काका, इथं रात्री अकरा-बारालासुद्धा मुली लायब्ररीतून एकट्या चालत येतात. नांदेडात सातनंतर येतात का?” वडिलांनी उत्तर दिलं नाही. त्या रात्री ते त्या बिहारी मुलाच्या खोलीत त्याच्या खाटेवर झोपले. तो कुठं झोपला, हे आम्हाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बसताना त्यांनी माझ्या हातात पैसे ठेवले आणि म्हणाले, “त्या पोरीचं काही राहू देऊ नको.”

त्याची काळजीच नव्हती. ताई काही राहू द्यायची नाही. पाहुण्याला मेसमध्ये जेवायला कूपन घ्यावं लागे. ती माझ्यासाठी कूपनं घेऊन ठेवी आणि रात्री झोपायच्या आधी हिशेब मागे. सुटे नसले, तर वहीत लिही. एकदा मी म्हटलं, “ताई, राहू द्या ना दोन दिवस.” तर म्हणाली, “नको बाई. ऋण ठेवून गेलीस तर पुढच्या जन्मी पुन्हा माझ्याच खोलीत येशील. एवढ्याशा खोलीत पुन्हा नाही जमायचं मला.” एका माणसाची खोली ती: एक खाट, एक टेबल, पुस्तकांचं कपाट, खिडकीला कूलर. उरलेल्या जमिनीवर माझी चटई. ताईला रात्री उठून दाराशी जायचं, तर मला पाय पोटाशी घ्यावे लागत.

पण फिरवून आणलं तिनंच. मुनिरकेला नेलं, जिया सरायला नेलं, बेर सरायला नेलं. विद्यापीठाबाहेरची ही गावं शहरानं गिळलीत. घरमालकांनी मजल्यावर मजले चढवून खोल्या काढल्यात. दिवसाही दिवा लावावा लागतो अशा खोल्या तिनं दाखवल्या, भाडं विचारायला लावलं आणि परतताना म्हणाली, “आता दहा रुपयांच्या खोलीत कूलरला पाणी नाही म्हणून रडशील तेव्हा हे आठव.” मेसचा हिशेब कसा होतो तेही तिनंच समजावलं. महिनाभराचा एकूण खर्च जेवणाऱ्यांत वाटला जातो, म्हणून निवडून आलेला मेस सेक्रेटरी आळशी असेल, तर बिल वाढतं. वसतिगृह निवडताना लोक खिडकीतून काय दिसतं ते पाहतात, मेसचं बिल पाहायला हवं, हे तिचं मत. मला ते आजही पटतं. माझ्या कॉलेजच्या मुलींनाही मी हेच सांगते आणि त्याही आधी खिडकीच पाहतात.

मग यादी लागली आणि माझं नाव गोदावरीत निघालं. आजीला पत्र टाकलं. वसतिगृहाच्या ऑफिसात मोकळ्या जागांची यादी पुढं आली. एका खोलीत सोलापूरची मुलगी होती, माझ्याच विषयाची, मी तिच्याशी आधी दोनदा चहा प्यालेली. दुसऱ्या एका खोलीत मणिपूरची मुलगी, दुसऱ्या वर्षाची. मी सोलापूरचं नाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ताईनं यादी आपल्याकडं ओढली आणि ऑफिसातल्या बाईंना म्हणाली, “ये मणिपूर वाली के साथ लिख दीजिए.”

मी बाहेर येऊन भांडले. चार भिंतींच्या आत तरी आपलं कुणी असावं, एवढंच माझं म्हणणं. ताई म्हणाली, “सोलापूरच्या पोरीबरोबर राहिलीस तर मराठीत झोपशील आणि मराठीत उठशील. मग सचखंडनं एवढ्या लांब यायची काय गरज होती? परभणीला गेली असतीस.” हा उपदेश तिनं आवाज न चढवता केला, म्हणून जास्त लागला. ट्रंक उचलून मी एकटीच गोदावरीत गेले. तिच्याशी बरेच दिवस बोलले नाही. कूपनचे शेवटचे पैसेसुद्धा एका मुलीच्या हाती पाठवले.

मणिपूरच्या मुलीची आणि माझी मैत्री जुळायला वेळ लागला आणि फार गाढ ती कधीच झाली नाही, हे सांगितलेलं बरं. तिच्या नगारीचा, म्हणजे आंबवलेल्या मासळीचा, वास मला सोसत नव्हता आणि माझ्या लसूण-शेंगदाण्याच्या चटणीनं तिचं डोकं उठायचं. दोन्ही बरण्या शेवटी खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर गेल्या. बोलायला इंग्रजीच होती आणि ती दोघींचीही मोडकी. त्यामुळं लाजायला कुणी उरलं नाही. पहिल्या सेमिनारमध्ये मी उभी राहिले तेव्हा जी काही वाक्यं सुचली, ती त्या खोलीत रात्री चुकत माकत बोलून झालेली होती.

आणि आणखी एक. त्याच वर्षी जुलैत इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर बारा मणिपुरी स्त्रियांनी अंगावरचे कपडे उतरवून आसाम रायफल्सविरुद्ध निदर्शनं केली होती. थांगजाम मनोरमाला घरातून उचलून नेल्यावर तिचा मृतदेह सापडला, त्याचा तो संताप होता. मी ते दिल्लीच्या पेपरात वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीची आई इंफाळच्या इमा कैथेलमध्ये, फक्त बायकाच दुकानं चालवतात त्या बाजारात, भाजी विकायची. त्या दिवसांत तो बाजार कसा बंद राहिला, संचारबंदीत भाजी कशी सडली, आईनं फोनवर काय सांगितलं आणि काय सांगायचं टाळलं, हे ती दिवा मालवल्यावर सांगायची. लष्कराला विशेष अधिकार देणारा कायदा आमच्या अभ्यासक्रमात होता. तो मला वर्गात शिकवला गेला त्याच्या आधी खोलीत कळला. सोलापूरची मुलगी फार चांगली होती. पुढं ती माझी जिवलग झाली. पण तिच्याकडून मला हे मिळालं नसतं, आणि तिलाही माझ्याकडून काही नवं मिळालं नसतं.

2019 मध्ये त्या विद्यापीठातलं खोलीभाडं 10 आणि 20 रुपयांवरून 300 आणि 600 करण्याचा, वर सेवाशुल्क लावण्याचा प्रस्ताव आला आणि मुलं रस्त्यावर उतरली, तेव्हा आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बरीच चर्चा झाली. आमच्या करांच्या पैशावर ही मुलं ऐश करतात, असा तिचा सूर. मी त्या दहा रुपयांत राहिलेली आहे, हे तिथं कुणाला माहीत नव्हतं. मी लिहिलं, की मी राहिलेली आहे, आणि तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे: कुणाच्या तरी पैशावर मी शिकले. त्या पैशात साबण-काडेपेटीवर कर भरणारी माझी आजीही होती, एवढंच तुमच्या लक्षात आलेलं नाही. बाजारभावानं खोली मिळाली असती, तर वाहकाची मुलगी मुनिरकेच्या अंधाऱ्या खोलीतही टिकली नसती. पहिल्याच सत्रात सचखंडनं परत आली असती. ग्रुपवर एकानं अंगठा दाखवला, बाकीच्यांनी पार्किंगचा विषय काढला.

सरकारचं देणं निदान मोजता तरी येतं. बिहारी मुलाचं मोजता येत नाही. त्याचं पूर्ण नावही मी विचारलं नव्हतं. वडिलांनी मात्र आपला हिशेब त्यांच्या परीनं मिटवला. निवृत्तीनंतर ते बरीच वर्षं नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरच्या भाज्या निवडायला जात. ‘गाडीतलं वरण’ असं ते त्याला म्हणत.

राहता राहिली ताई. ती आता वर्ध्याकडंच शिकवते. हा लेख लिहायला घेतला तेव्हा तिला फोन केला आणि त्या यादीच्या दिवसाबद्दल, इतक्या वर्षांनी, आभार मानले. ती आधी हसत सुटली.

“तुला खरंच वाटतं मी तुझ्या भल्यासाठी केलं?” म्हणाली. “अगं, सोलापूरची ती पोरगी रोज संध्याकाळी माझ्याकडं यायची. तू तिच्या खोलीत गेली असतीस तर दोघी मिळून आल्या असतात. मला थिसिस लिहायचा होता.”

“पण परभणीचं वाक्य?” मी विचारलं.

“ते सुचलं तेव्हा. चांगलं होतं ना? लेखात घाल. माझं नाव मात्र घालू नको. आणि तू पोरीच्या हाती पाठवलेस त्या पैशांत चार रुपये कमी होते.”