दीपनगर : दंडाच्या मापाचा सदरा

भुसावळ सोडून वरणगावच्या रस्त्याला लागले की दीपनगरच्या उंच चिमण्या दिसू लागतात. महामार्गाला लागून असलेली ही विजेची वसाहत. येथे १९७९ आणि १९८२ साली प्रत्येकी २१० मेगावॅटचे दोन संच सुरू झाले. पुढे ५०० मेगावॅटचे दोन संच आले आणि त्यानंतर ६६० मेगावॅटचा संच उभा राहिला. तापीचे पाणी, रेल्वेने येणारा कोळसा आणि माणसांचे हात या तीन गोष्टींवर वीज तयार होते. पाणी आणि कोळसा यांच्यावर पुष्कळ लिहिले जाते. आम्ही या खेपेस हातांविषयी लिहिणार आहोत, आणि तेही त्या हातांवर चढणाऱ्या शर्टाविषयी.

विषय ऐकून कोणाला हसू येईल. त्यांनी पाळी सुटण्याच्या वेळी दीपनगरच्या फाटकाबाहेर पाच मिनिटे उभे राहावे. आम्ही उभे राहिलो. कोणाच्या शर्टाची बाही दंडात इतकी रुतलेली की कातडीवर वळ उठलेला. कोणाची बगल फाटून दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेली. कोणी दंड मोकळे राहावेत म्हणून दोन नंबर मोठा शर्ट घेतलेला. त्याचे खांदे कोपराकडे घसरलेले आणि पोटाशी कापडाचा फुगा झालेला. धडधाकट, कष्टाळू माणसे. पण अंगावरचा शर्ट दुसऱ्याच कोणाचा वाटावा असा.

या हातांचा आणि बाबासाहेबांचा जवळचा संबंध आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज व पाटबंधारे हे विषयही त्यांच्याच खात्याकडे होते. देशातल्या विजेचा विचार आणि विजेसाठी राबणाऱ्या कामगाराचा विचार एकाच टेबलावर झाला. म्हणून वीज केंद्राच्या दारात कामगाराच्या बाहीचा विचार करणे आम्हांला मुळीच क्षुल्लक वाटत नाही.

खान्देशात दंड कमवायला आखाड्यात जावे लागत नाही. दीपनगरात पहारीने अडकलेला कोळसा मोकळा करणारे आहेत, मोठे पाने लावून नट फिरवणारे फिटर आहेत. भुसावळ तर रेल्वेचेच शहर. रुळांवर घण चालवून कित्येकांची जवानी गेली. रावेर-सावद्याकडे केळीचे घड ट्रकमध्ये भरणारे मजूर, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी हलवणारे हमाल, सगळ्यांचे दंड कामाने घडलेले. कापसाची एक गाठ साधारण १७० किलोची. ती रोज ढकलणाऱ्याचा दंड कारकुनाच्या दंडाएवढा कसा राहील? आता तरुण पोरे व्यायामशाळेतही जातात, पोलीस आणि लष्कराच्या भरतीची तयारी करतात. त्यांची अडचण तीच.

मग दुकानातला शर्ट यांना का बसत नाही? आम्ही भुसावळच्या बाजारात आणि जळगावच्या फुले मार्केटमध्ये दुकानोदुकानी हिंडलो. अडतीस, चाळीस, बेचाळीस हे आकडे सगळीकडे दिसले. हे आकडे छातीचे आहेत. छाती चाळीस म्हणजे दंड अमुक, पोट तमुक, असा कारखान्याचा ठरलेला हिशेब असतो. कष्टकऱ्याचे अंग हा हिशेब मोडते. त्याची छाती चाळीस असली तरी दंड चव्वेचाळीसच्या शर्टाला शोभेल असा असतो आणि पोट मात्र अडतीसचे. चाळीस घ्यावा तर बाही अडकते, चव्वेचाळीस घ्यावा तर शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसतो.

या आकड्यांची पद्धत आली कोठून? अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. लाखो सैनिकांना गणवेश हवे होते, तेव्हा सैनिकांची मापे घेऊन ठरावीक आकार पाडण्यात आले. पुढे तीच रीत पुरुषांच्या तयार कपड्यांत रुळली. आपल्याकडचे कारखानेही बराच काळ इंग्लंड-अमेरिकेच्या मापांचे तक्ते वापरत आले. भारतीयांचे स्वतःचे तक्ते असावेत म्हणून निफ्ट या सरकारी संस्थेने २५ हजार लोकांची मापे घेण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बंगळूर आणि शिलाँग ही सहा शहरे निवडली गेली. काम चांगलेच, पण त्या यादीत केळीचा घड उचलणारा खान्देशी दंड कितपत आला असेल, हा प्रश्न आमच्या मनात राहतो.

येथे आपल्या समाजाने थोडे मागे वळून पाहावे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत असा नियम आहे. गावगाड्यात महाराच्या वाट्याला मढ्यावरचे कापड येई, कोणाचे टाकलेले धडुते येई. ज्याच्या अंगाचे माप कोणी घेतलेच नाही, त्याच्या मापाचे कापड शिवणार कोण? बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे की त्यांच्या लहानपणी न्हावी केस कापत नसे, थोरली बहीणच भावंडांचे केस कापी. अंगाला हात लावायचा नाही, हीच रीत. म्हणून १९२७ च्या डिसेंबरात महाडला जमलेल्या आपल्या आया-बहिणींना बाबासाहेबांनी लुगडे कसे नेसावे, अंगावर काय घालू नये, हे मुद्दाम सांगितले. अंगावरच्या खुणा पुसल्याशिवाय मनावरच्या पुसल्या जात नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. १९५६ साली १४ ऑक्टोबरला नागपूरला लोक पांढरी स्वच्छ वस्त्रे नेसून आले, त्यामागे हीच शिकवण होती.

आणि तथागतांच्या संघाकडे पाहा. भिक्खूही उकिरड्यावरच्या आणि स्मशानातल्या चिंध्या वेचून चीवर करीत. पण ते स्वेच्छेने. कोणी लादले म्हणून नव्हे. त्या चिंध्या धुतल्या जात, रंगवल्या जात, कापून मापात शिवल्या जात. विनयपिटकात कथा आहे की मगधातली बांध घातलेली भातशेते पाहून तथागतांनी आनंदाला विचारले, अशा आखणीचे चीवर करता येईल का? आनंदाने तसे तुकडे बेतून चीवर तयार केले आणि तथागतांनी त्याच्या बुद्धीची प्रशंसा केली. बेतणे आणि शिवणे हे आपल्या धम्मात हलके काम कधीच नव्हते.

आता मुद्द्याची गोष्ट, शर्ट शिवायचा कसा.

भुसावळात आम्ही एका वयस्क टेलरकाकांच्या मशीनपाशी बसलो. त्यांनी वही दाखवली. गिऱ्हाइकाच्या नावापुढे लांबी, शोल्डर, बाही, छाती, पोट, सीट, कॉलर, कफ अशी मापे लिहिलेली. आम्ही विचारले, “काका, दंडाचे माप कुठे आहे?” ते हसून म्हणाले, “भाऊ, ते कोणी सांगत नाही न् आम्ही घेत नाही. छातीवरून मुंढा काढतो, मुंढ्यावरून बाही.” सगळी अडचण या एका वाक्यात आहे. त्या वहीत दंडाचा एक रकाना वाढवला की निम्मे काम होते.

म्हणून आमची पहिली सूचना अशी. टेलरकडे गेल्यावर दंडाचे माप स्वतः मागून घ्या. हात सैल सोडून एकदा आणि कोपरात वाकवून, मूठ आवळून एकदा, असे दोनदा टेप लावावे. दोन्ही मापांत इंच-दीड इंचाचा फरक पडतो. मोठे माप धरावे. ते पंधरा इंच भरले तर बाहीचा घेर साडेसतरा ते अठरा इंच ठेवायला सांगावे. अर्ध्या बाहीच्या तोंडाशीही दीड-दोन इंच मोकळीक असावी. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा उजवा दंड बहुधा जास्त भरतो, तेव्हा मापही त्याच हाताचे घ्यावे.

दुसरी गोष्ट मुंढ्याची. हात अडकतो म्हटले की पुष्कळ जण मुंढा खाली खोल कापायला सांगतात. हे उलटे आहे. मुंढा खोल गेला की हात वर करताना सगळा शर्ट वर ओढला जातो आणि पँटीतून सुटतो. मुंढा बगलेच्या जवळच ठेवावा आणि बाही रुंद करावी. बाहीचा वरचा गोल थोडा बसका कापला की तेवढ्याच कापडात दंडाला जागा मिळते. पाठीचेही माप घ्यावे, तेही दोन्ही हात पुढे करून. खांद्याच्या पट्टीखाली पाठीला दोन चुण्या घातल्या की पहार मारताना शर्ट ताणत नाही.

तिसरी गोष्ट जुन्या लोकांची आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळच्या शेतकरी पैरणीत बगलेला कापडाचा एक चौकोनी तुकडा जोडलेला असे. हात कितीही वर गेला तरी तो तुकडा उघडे आणि शिवण तुटत नसे. दंड घडलेल्या माणसासाठी कष्टकऱ्यांनीच काढलेली ही युक्ती आजही चालते. तयार शर्ट बगलेत दाटत असेल तर तीन-चार इंचांचा असा तुकडा घरी बसवता येतो. कापड शर्टाच्या खालच्या घेरातून काढावे. तो भाग पँटीत जातो, कोणाला दिसत नाही.

चौथी गोष्ट माया. शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात त्याला आपले शिंपी माया म्हणतात. किती चांगला शब्द आहे! तयार शर्टात ही माया नसते. शिवण ओव्हरलॉक करून कापड काठाशी छाटलेले असते, त्यामुळे घट्ट शर्ट उसवून मोठा करता येत नाही. मोठा शर्ट मात्र लहान करता येतो. म्हणून तयार शर्ट घ्यावाच लागला तर दंड आणि खांदा पाहून घ्यावा आणि पोटाकडच्या दोन्ही शिवणी आत घ्याव्यात. दुकानात घालून पाहताना नुसते आरशासमोर ताठ उभे राहू नये. दोन्ही हात वर करावेत, समोर मिठी मारल्यासारखे आणावेत, खाली वाकून ओझे उचलल्यासारखे करावे. तेवढ्याने शर्ट खरे काय ते सांगतो.

शिवायला टाकणाऱ्याने कापडात कंजुषी करू नये. ५८ इंच पन्ह्याच्या कापडाचा शर्टपीस साधारण १ मीटर ६० सेंटिमीटरचा मिळतो. दंड आणि पाठ रुंद असेल तर १ मीटर ८० घ्यावे. सुती कापड आधी रात्रभर भिजवून, वाळवून मगच कापायला द्यावे. नाहीतर पहिल्या धुण्यात बाही आटते आणि दोष टेलरच्या माथी येतो.

कामावरच्या शर्टाची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे प्रश्न जिवाचा असतो. सैल, लोंबती बाही फिरत्या पट्ट्यात किंवा शाफ्टमध्ये ओढली जाते आणि बाहीबरोबर हातही जातो. म्हणूनच १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २२ व्या कलमात, चालत्या यंत्रापाशी काम करणाऱ्या प्रशिक्षित कामगाराने अंगाबरोबरचे कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत, असे स्पष्ट लिहिले गेले. अंगाबरोबरचे याचा अर्थ दंड आवळणारे नव्हे. भट्टीजवळ आणि विजेच्या कामावर सुतीच कापड हवे. टेरिकॉट आणि पॉलिएस्टर उष्णतेने वितळून कातडीला चिकटते. आमची दीपनगरातल्या कंत्राटी कामगार बंधूंना विनंती आहे : गणवेश वाटताना सर्वांना एकाच मापाचे गठ्ठे येत असतील तर युनियनमार्फत मापे घेण्याची मागणी करा. ही चैनीची मागणी नाही.

आमच्या भगिनींनाही हे लागू आहे. घमेले उचलणाऱ्या, शेतात निंदणी-वेचणी करणाऱ्या बाईच्या दंडात ब्लाउजची बाही रुतते, हात सुन्न होतो. पण ती बोलत नाही. उलट माझेच हात जाड आहेत म्हणून लाजते. ताईंनो, हात जाड नाहीत, बाही अरुंद आहे. ज्यांच्या घरी मशीन आहे, ज्यांनी शिवणक्लास केला आहे, त्यांनी वस्तीतल्या पाच बायकांची दंडाची मापे घेऊन बाह्या बेतून द्याव्यात. पोरीने चार पैसे मिळवण्याची ही वाटही आहे.

एप्रिल जवळ आला की दीपनगर-भुसावळच्या टेलरांकडे पांढऱ्या कापडाची गर्दी होते. १४ एप्रिलला लेझीम खेळणारे, ढोल वाजवणारे, बाबासाहेबांची प्रतिमा खांद्यावर घेणारे हात हेच. ऐन मिरवणुकीत बगल उसवू नये असे वाटत असेल तर महिनाभर आधी माप द्या. आपल्या मुलाचा पहिला मुलाखतीचा शर्ट, मुलीच्या लग्नातला बापाचा शर्ट, यांनाही हेच सांगणे. जाहिरातीतल्या पोराच्या अंगाकडे पाहून आपल्या अंगाला नावे ठेवू नका. ज्या दंडांनी घर चालवले, पोरे शिकवली, त्या दंडांभोवती टेप फिरू द्या आणि जो आकडा येईल तो टेलरला मोठ्याने सांगा.

जयभीम!