झिरो बघा

पेट्रोल पंपावर नळी कोणाच्या हातात असावी, हा प्रश्न ठाण्यात सहसा कोणाला पडत नाही. खोपटहून निघालेला स्कूटरवाला पंपावर येतो, उतरतो, सीट उचलून टाकीचं झाकण उघडतो आणि एक पाऊल मागे सरकून उभा राहतो. गणवेशातला माणूस विचारतो, "किती?" उत्तर बहुधा रुपयांत येतं, लिटरमध्ये क्वचितच. तो आकडे दाबतो, यंत्राकडे बोट करून म्हणतो, "झिरो बघा," आणि गिऱ्हाईकाने मान हलवली की नळी टाकीत उतरते. शेवटी नळीतले दोन थेंबही टाकीतच झटकले जातात. भरणारा हात एकाचा, पाहणारा डोळा दुसऱ्याचा, अशी ही वाटणी आहे.

ती निव्वळ विश्वासावर सोडलेली नाही. वैधमापन विभागाने पडताळलेलं पाच लिटरचं माप पंपावर ठेवावंच लागतं आणि मागितल्यास त्यात मोजून दाखवावं लागतं; २५ मिलिलिटरपर्यंतची चूकच चालते. भेसळीचा संशय असेल तर फिल्टर पेपर मागता येतो. त्यावर टाकलेला थेंब उडून गेल्यावर डाग उरला, तर काहीतरी मिसळलेलं आहे. हे मागणारे फार थोडे. त्याऐवजी "एकशे दहाचं टाका" म्हणण्याची रीत आहे, कारण गोल आकड्यात मारतात अशी पक्की समजूत.

२०१७ मध्ये ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने पंपांवर छापे घातले, तेव्हा चोरी वेगळ्याच जागी सापडली. यंत्रातून किती इंधन गेलं हे पल्सर नावाचा भाग मोजतो. त्यातच फेरफार करून कमी इंधनाला जास्तीचा आकडा दाखवला जात होता. तिथे शून्य खरं असतं, आकडा गोल असला-नसला तरी फरक पडत नाही, आणि नळी गिऱ्हाईकाच्या स्वतःच्या हातात असती तरी काही कळलं नसतं. पाच लिटरचं माप मागण्याची सवय लागायला हवी, ती म्हणूनच.

अमेरिकेत १९४७ मध्ये लॉस एंजेलिसला आपलं आपण भरायचा मोठा पंप निघाला. मजुरी वाचली, पेट्रोल स्वस्त देता आलं आणि पुढे देशभर तीच रीत पडली. न्यू जर्सीने मात्र १९४९ मध्ये कायद्याने मनाई केली, ती आजही आहे. ऑरेगनची १९५१ची मनाई २०२३ मध्ये उठली. न्यू जर्सीतल्या एडिसनमधला मराठी माणूस त्यामुळे गाडीतच बसून राहतो, आणि हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कला गेला की खाली उतरून स्वतः नळी धरतो. कोरड्या थंडीत भरता भरता गाडीत जाऊन बसलं, तर अंगावर स्थिर वीज साठते; परत नळीला हात लावताच ठिणगी पडून आग लागल्याच्या नोंदी तिकडे आहेत.

ठाण्यात नळी धरणारा हात टिकला तो मुख्यतः मजुरी स्वस्त म्हणून. सीएनजीची गोष्ट निराळी: तिथे वायू सुमारे २०० बार दाबाने भरला जातो, रिक्षातल्या प्रवाशांना आधी उतरावं लागतं, आणि हे काम शिकलेल्या माणसानेच करावं. विजेच्या गाडीला मालक स्वतःच प्लग लावू शकतो.

पेट्रोलच्या हाताला मात्र किंमत मोजावी लागते. पेट्रोलमध्ये आकारमानाने एक टक्क्यापर्यंत बेंझीन चालतं, आणि बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. टाकी भरताना आतली वाफ बाहेर ढकलली जाते. गिऱ्हाईक ती मिनिटभर हुंगतो, नळी धरणारा पूर्ण पाळीभर. ही वाफ ओढून परत जमिनीखालच्या टाकीत नेणारी यंत्रणा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मोठ्या खपाच्या पंपांना ती बसवायला सांगितलं. ती लहान पंपांवरही हवी, कारण तिथल्या माणसाच्या नाकातोंडात जाते ती वाफ हीच.