दऱ्या आणि दर्या

मराठीच्या मास्तराला दोन गोष्टींचा अभिमान असतो. एक शुद्धलेखनाचा आणि दुसरा यंत्रातले काही न कळण्याचा. गेल्या वर्षी आमच्या विभागाचे भित्तिपत्रक संकेतस्थळावर न्यायचे ठरले, तेव्हा हा दुसरा अभिमान मला सोडावा लागला. मुलांनी नवशिक्यांसाठी असलेले एक सॉफ्टवेअर लावून दिले. तयार साचा निवडायचा, मजकूर चिकटवायचा, की झाले संकेतस्थळ!

साचा मोठा देखणा होता. पण तो रोमन लिपीच्या मापाने बेतलेला अंगरखा होता. मथळ्याची अक्षरे त्यात ऐसपैस अंतरावर बसत. रोमन अक्षरे मुळातच सुटी, त्यांना ते शोभते. आमच्या मथळ्याची मात्र शिरोरेषाच जागोजाग तुटली. दोन ओळींत अंतर कमी, त्यामुळे वरचे उकार आणि खालचे रफार एकमेकांच्या अंगावर आले. भाषा मराठी असल्याची नोंद कुठेच नव्हती, म्हणून ल आणि श हिंदी वळणाचे उमटले. 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' झाले. तेही मी हसून सोसले. वाचणारा समजून घेतो.

पण एका कवितेत तसे होईना. आमची एक विद्यार्थिनी सह्याद्रीतल्या एका वाडीतून येते. तिच्या कवितेत सकाळच्या धुक्यातल्या दऱ्या होत्या. पडद्यावर त्यांचा दर्या झाला! एका सहकाऱ्यांनी मला थांबवून सांगितले, "डोंगरातली पोर, पण समुद्रावर काय सुरेख लिहिते हो!"

दुसऱ्या दिवशी उद्घाटन. रात्री अकरापर्यंत खटपट केली, शब्द काही सुधारेना. मग मी जे केले ते सांगताना आजही संकोच वाटतो. 'दऱ्या' काढून मी 'घळी' लिहिले. अर्थ जवळचा, कविता मुक्तछंदातली, कुठे अडणार? मी शांतपणे झोपलो.

उद्घाटनानंतर ती विभागात आली. तक्रारीचा सूर मुळीच नव्हता.

"सर, माझं काही चुकलं होतं का?"

"नाही गं. का?"

"शब्द बदललाय म्हणून विचारलं. आमच्याकडं घळी वेगळ्या आणि दऱ्या वेगळ्या. आई पाण्याला उतरते ती दरी."

अठरा वर्षे मी मुलांच्या वह्यांवर लाल शाई चालवीत आलो आहे. त्यामुळे चूक झाली असेल तर ती आपलीच, असे तिने धरून चालावे यात नवल नव्हते. यंत्राला एक अक्षर लिहिता आले नाही, आणि दंड मात्र मी तिच्या कवितेला केला होता.

मग नीट शोध घेतला. देवनागरी 1991 पासून युनिकोडमध्ये आहे. तिथे र, हलन्त आणि य एकापुढे एक आले की रफारच उमटतो. दऱ्यांमधला चंद्रकोरीसारखा र हवा असेल, तर हलन्तापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालावे लागते. नाहीतर खाली टिंब असलेला वेगळा र घ्यावा लागतो. माझ्या मजकुरात जोडचिन्ह होते. दिसत नाही ते केरच, अशा समजुतीने सॉफ्टवेअरने ते झाडून टाकले होते.

उपाय अर्ध्या तासाचा निघाला. टिंबाचा र घेऊन शब्द पुन्हा लिहिला, अक्षरांमधले अंतर शून्य केले, ओळींमधले वाढवले, भाषा मराठी निवडली. इतर कवितांमधले दुसऱ्या, तिसऱ्याही सुधारून घेतले. त्या रात्री हा अर्धा तास मला सापडला नव्हता. शब्द बदलायला एक मिनिट पुरले होते.

मी तिला बोलावून दाखवले. तिने आपल्या मोबाइलवर पान उघडले, दोन बोटांनी तो शब्द मोठा केला आणि बराच वेळ निरखला.

"आता बरोबर आहे, सर."

आजवर मी पुष्कळ पेपर तपासले. माझा पेपर तपासला गेला तो त्या दिवशी.