पहिली गाडी केवढी?

नवरात्र बसलं की माझ्या भोसरीच्या ऑफिसात तरुण मुलं यायला लागतात. दसऱ्याला गाडी टाकायची असते, बयाण्याचे पैसे तयार असतात, शोरूमचं कोटेशन हातात असतं आणि प्रश्न एकच असतो, "काका, कोणती घेऊ?" यंदा खेड तालुक्यातला एक मुलगा आला. त्याच्या मनात चौदा फुटी हौद्याची गाडी भरली होती. मी विचारलं, "नेणार काय?" म्हणाला, "मिळेल ते." अर्जंट भाड्याच्या धंद्यात या उत्तरावर गाडी घेता येत नाही. मी ती चूक केलेली आहे.

चाकण, रांजणगाव, तळेगाव या पट्ट्यातले मोटार कारखाने सुट्या भागांचा मोठा साठा ठेवत नाहीत. जपानच्या टोयोटाने रुजवलेली ही पद्धत आहे. भाग लागेल तेव्हा आणि लागेल तेवढाच मागवायचा, म्हणजे साठ्यात पैसा अडकत नाही. पण पुरवठादाराकडचं एखादं मशीन बसलं किंवा एखादी खेप तपासणीत नापास झाली, की काही तासांत कारखान्याची लाईन थांबायची वेळ येते आणि त्याचा भुर्दंड पुरवठादारावर पडतो. मग रात्री आम्हाला फोन येतो. माल किती, म्हणून विचारावं तर कित्येकदा चाळीस किलोची एक पेटी! गिऱ्हाईक टनांचे पैसे देत नसतं, ते तासांचे देत असतं.

माझी पहिली गाडी जुनी चौदा फुटी होती. मोठी गाडी, मोठं भाडं, एवढाच हिशोब मी मांडला होता. चाकणहून नाशिकला अशी एक पेटी न्यायची तर जाऊन-येऊन 360 किलोमीटर धरा. छोट्या सात फुटीला साधारण 20 लिटर डिझेल लागतं, पिकअपला 30, आणि माझी ती गाडी 45 प्यायची. गिऱ्हाईक पेटीकडे बघून भाव देणार, चौदा फुटीकडे बघून नव्हे. येताना रिटर्न भाडं मिळेल, असं सगळे सांगतात. पण रिटर्नसाठी नाशिकला दिवसभर थांबलो तर संध्याकाळचा अर्जंट फोन दुसऱ्याकडे जातो. या धंद्यात गाडी रिकामी परतणार असंच धरून भाव सांगायचा. हे कळेपर्यंत माझं दीड वर्ष गेलं आणि बायकोच्या पाटल्या गेल्या.

आजच्या मुलांना निवडीला वाव तरी आहे. पूर्वी एकीकडे तीनचाकी टेम्पो आणि दुसरीकडे 1986 साली आलेली टाटा 407, यांच्या मधलं फारसं काही नव्हतं. तीनचाकीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर प्रवेशच नाही, आणि 407 एका पेटीसाठी काढायची तर जड जाते. 2005 साली टाटा एस आली. दोन सिलिंडरचं इंजिन, पाऊण टनाच्या आसपास पासिंग (म्हणजे माल भरण्याची कायदेशीर मर्यादा), गल्लीतून फिरणारी. लोकांनी तिचं नाव छोटा हाथी ठेवलं. मग पिकअप वाढल्या, 2011 ला 'दोस्त' नावाची सव्वा टनाची गाडी आली, आणि आमच्या धंद्याला बसणारी मापं मिळाली.

मापाचं नीट सांगतो, कारण मुलं इथेच फसतात. गाडीचे फूट मोजू नका, पॅलेट मोजा. कारखान्यांत सर्रास चालणारं पॅलेट 1200 बाय 1000 मिलिमीटरचं असतं. सात फुटी हौद्यात अशी दोन बसतात. आठ फुटीत दोनच, नऊ फुटीतही दोनच. रुंदीत या गाड्यांत दोन पॅलेट शेजारी मावत नाहीत, आणि तिसरं मागे बसवायचं तर हौद्याला आतून तीन मीटर लांबी हवी, म्हणजे दहा फुटी झाली. मग सात फुटी सोडून आठ-नऊ फुटीला जास्त पैसे कशाला मोजायचे? वजनासाठी. कास्टिंगचं एकच भरलेलं पॅलेट सहाशे-सातशे किलोचं निघतं. सात फुटीत दुसऱ्याला जागा असते, पण पासिंग संपलेलं असतं. "ठेव रे, एवढ्याने काय होतंय," असं भराईवाले म्हणतात. ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपयांपासून सुरू होतो आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी 2,000. त्याहून मोठी भीती मला बोरघाटाच्या उताराची वाटते. तिथे तापलेल्या ब्रेकचा वास एकदा घेतलेला माणूस पासिंगच्या वर एक किलो भरत नाही.

उलट बाजूही आहे. जास्त वजनासाठी बनवलेल्या गाडीचे पाटे कडक असतात. तिच्यात साठ किलोचे मीटर किंवा वायरिंगचे बॉक्स टाकले की प्रत्येक खड्ड्याला माल उडतो. वेळेत पोचलेला पण तडा गेलेला भाग कुणी उतरवून घेत नाही. म्हणून माझ्या प्रत्येक गाडीत दोन जाड रबरी चटया आणि चार चांगले पट्टे असतात, आणि पट्टे ड्रायव्हरने स्वतः आवळायचे असतात.

हौदा उघडा की बंद, यावर मी बरीच वर्षं माझ्याशीच भांडलो. मशिनिंग झालेल्या भागावर पावसाचं पाणी पडलं की गंज धरतो, म्हणून बंद बॉडी बरी वाटते. पण छोट्या गाडीचा हौदा कारखान्याच्या डॉकपेक्षा बराच खाली असतो. तिथे माल जमिनीवरून फोर्कलिफ्टने भरतात. बंद बॉडीला फक्त मागचं दार असेल तर फोर्कलिफ्ट पहिलं पॅलेट तोंडाशी ठेवते आणि ते आत कसं सरकवायचं म्हणून सगळे बघत बसतात. अर्धा तास तिथेच जातो. शिवाय बंद बॉडीचं वजन पासिंगमधूनच वजा होतं. शेवटी मी बाजूचं दार असलेल्या बंद बॉडीवर आलो. तेवढे पैसे नसतील तर तिन्ही बाजूंनी उघडणारा हौदा, वर पाइपची कमान आणि जाड ताडपत्री घ्यावी. मागचं एकच दार मात्र नको.

सीएनजी स्वस्त पडतो, हे खरं. पण पंपावरची रांग आपल्या हातात नसते, आणि लाईन थांबलेली असताना रांगेत उभं राहणं मला जमत नाही. लांबच्या अर्जंट भाड्यांना मी डिझेलच सांगतो. भोसरी-चाकण अशा ठरलेल्या फेऱ्या मिळाल्या तर इलेक्ट्रिकचा जरूर विचार करावा.

कागदांचं थोडक्यात. गाडी आणि माल मिळून एकूण वजन 3,000 किलोच्या वर नसेल तर परमिट लागत नाही. काही पिकअप त्याच्या वर जातात, तेव्हा आरसी वाचून मगच बयाणा द्या. एकूण वजन 7,500 किलोपेक्षा कमी असलेली गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये शिक्कामोर्तब केलं आहे. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी करावं लागतं.

म्हणून माझं मत ठाम आहे. पहिली गाडी तीन-चार वर्षं वापरलेली, आठ किंवा नऊ फुटी, सव्वा ते दीड टनाची घ्यावी. नवी कोरी नको, कारण अर्जंट काम आठवड्यात चार वेळा येतं आणि मग सहा दिवस फोन वाजत नाही. हप्ता मात्र थांबत नाही. तो भरायला माणूस रात्री परत येऊन सकाळी पुन्हा निघतो. मोटार परिवहन कामगारांसाठी 1961 पासून दिवसाला आठ तासांची मर्यादा कायद्यात आहे, पण स्वतःच मालक असलेल्या पोराला कोण अडवणार? माझ्या ओळखीचे दोघं असे स्टेअरिंगवर झोपून गेले. त्यांच्या घरी जाऊन मी बसलेलो आहे. त्यामुळे गाडी बघायला गेलो की मी केबिनमध्ये आडवा होऊन बघतो. गेटबाहेर तासन् तास थांबावं लागतं, तेव्हा पाय दुमडून का होईना झोप लागली पाहिजे.

खेडच्या मुलाने दसऱ्याला गाडी घेतली नाही. आठ दिवस तो माझ्या पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून फिरला, दोनदा नाशिक, एकदा वाळूज. तिसऱ्या दिवसापासून त्याच्या खिशात मोजपट्टी असायची. कुठलीही गाडी उभी दिसली की हा हौदा मोजायचा. आता धनत्रयोदशीच्या आधी चिंचवडला एक आठ फुटी बघायला जायचंय. मी त्याला आधी आरसीचा फोटो मागवायला सांगितलाय, आणि येताना चुलतभावाला घेऊन ये म्हटलंय. दुसरा ड्रायव्हर तोच होणार आहे, त्यालाही केबिनमध्ये आडवं होऊन बघू दे.